घराण्यातला मधुमेह: कुटुंबाचा आरोग्यपट कसा मांडावा आणि कसा वाचावा

घरातल्या एखाद्याला मधुमेह असल्याचे कळले की त्याच्याभोवती दोन स्पष्टीकरणे लगेच उभी राहतात. ‘आमच्यात आहेच तो, आजोबांनाही होता’ हे एक, आणि ‘तोंडावर ताबा नाही, मग दुसरे काय होणार’ हे दुसरे. पहिल्यात सगळा भार रक्तावर टाकला जातो, दुसऱ्यात माणसाच्या स्वभावावर. व्यवहारात मात्र दोन्हींचा परिणाम एकच होतो. घरातली बाकीची माणसे स्वतःची तपासणी करून घेत नाहीत आणि घराची घडी जशी होती तशीच राहते. मोठेपणी होणारा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह अनुवंश, परिस्थिती आणि मन या तिघांच्या गुंत्यातून येतो, आणि हा गुंता एका घरापुरता तरी कागदावर उलगडून पाहता येतो. त्या कागदाला मी आरोग्यपट म्हणतो. तो कसा मांडावा, त्यातून काय वाचावे आणि वाचल्यावर काय करावे, हे पुढे सविस्तर सांगितले आहे. निदान आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु दवाखान्यात मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत डॉक्टरांना जे विचारता येत नाही, ते या कागदावर आधीच लिहिलेले असते.

आधी गुंता समजून घ्यावा

आजाराचा विचार शरीरातील बिघाडापुरता न करता त्यात माणसाचे मन आणि त्याचे सामाजिक जगणेही धरले पाहिजे, अशी मांडणी अमेरिकेतील डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये केली. मधुमेहाला ती अगदी नेमकी लागू पडते.

जनुकांचा वाटा खरा आहे. टीसीएफ७एल२ या जनुकाचा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी असलेला संबंध २००६ मध्ये प्रथम पुढे आला आणि पुढच्याच वर्षी भारतीयांमध्येही त्याला दुजोरा मिळाला. मात्र हे एकच जनुक नाही. आतापर्यंत जनुकसंचात अशा शेकडो जागा सापडल्या आहेत आणि त्यांतील प्रत्येकीचा परिणाम थोडाथोडाच असतो. त्यामुळे आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असला तर मुलांचा धोका वाढतो आणि दोघांनाही असला तर आणखी वाढतो. पण तो नक्की होणारच, असे कोणतेही जनुक सांगत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक म्हणजे २६.४ टक्के आहे, तर उत्तर प्रदेशात ते ४.८ टक्के आहे. एकाच देशात पाचपटीहून अधिक अंतर पडते, त्यात राहणीमान, अन्न, काम आणि शहरीकरण यांचा मोठा हात असतो.

यापुढचा भाग पुण्यात घडलेला आहे आणि प्रत्येक मराठी कुटुंबाने तो जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरीने सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी होते. मात्र ही बाळे सगळ्याच बाबतींत लहान नव्हती: त्यांचे स्नायू कमी भरले होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे प्रमाण अधिक, ही आपली ठेवण जन्मापासूनच असते, हे यातून दिसले. याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. ‘मी तर बारीक आहे, मला कशाला साखर होईल’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

याच अभ्यासात पुढे असेही आढळले की, गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला होता. याचा अर्थ असा की, आईकडून मुलाकडे फक्त जनुके येत नाहीत; आईच्या ताटात काय पडत होते, याचा ठसाही येतो. आणि तिच्या ताटात काय पडावे हे बहुतेक वेळा ती ठरवत नाही, तर घरातली रीत ठरवते. म्हणून ‘घराण्यात आहे’ म्हणजे ‘जनुकांत आहे’ असे समजणे चुकीचे ठरते. घराण्यातून जनुके येतात, तशीच चूलही येते, गर्भातली उपासमारही येते आणि काळजी करण्याची किंवा काहीच न बोलण्याची सवयही येते.

मनाचा मार्गही शरीरातूनच जातो. दीर्घकाळ ताण राहिला की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढलेली राहतात, यकृत रक्तात अधिक साखर सोडते आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिल्यावर त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. ब्रिटनमधील सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासांत मायकेल मार्मट यांनी दाखवले की, हुद्दा जसजसा खालचा, तसतसे हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण वाढते, आणि धूम्रपान व रक्तदाब यांसारखी नेहमीची कारणे हिशेबात धरूनही हे अंतर पूर्णपणे मिटत नाही. आपल्या कामावर आपला ताबा किती, हा प्रश्न आरोग्याचा असतो तो असा.

कागदावर कोणाला घ्यावे

मोठा आडवा कागद आणि पेन्सिल घ्यावी. ज्या व्यक्तीपासून सुरुवात करायची ती मधोमध ठेवून वरच्या ओळींत आईवडील व आजीआजोबा, बाजूला भावंडे आणि खाली मुले अशी किमान तीन पिढ्यांची रचना करावी. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ आणि हयात नसलेल्या व्यक्तीवर तिरकी रेघ ही डॉक्टरांच्याही ओळखीची चिन्हे आहेत. प्रत्येकाच्या चिन्हाखाली ‘रक्त’, ‘परिस्थिती’ आणि ‘मन’ अशा तीन ओळींपुरती जागा सोडावी. काका, आत्या, मामा आणि मावशी यांना वगळू नये.

इथे एक सामाजिक अडचण आड येते. आपल्याकडे घराण्याची नोंद म्हणजे वडिलांच्या बाजूची नोंद, असा जुना शिरस्ता आहे. छापील कुलवृत्तांतांतही पुरुषांच्या पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेले हे मात्र क्वचितच सापडते, आणि सुनांच्या माहेरचा इतिहास तर बहुधा गावाच्या नावापाशीच थांबतो. अनुवंश दोन्ही बाजूंनी सारखाच येतो. त्यामुळे आईच्या माहेराची बाजू, म्हणजे आजोळ, तितक्याच काळजीने भरावी. त्यासाठी मामा-मावशींना मुद्दाम फोन करावा लागला तरी चालेल. नात्यातला विवाह झाला असेल, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, तर तीही नोंद करावी, कारण काही आनुवंशिक आजारांचा विचार करताना डॉक्टरांना तिची गरज पडते.

रक्ताचे नाते नसलेली, पण त्याच घरात जेवणारी माणसेही पटावर हवीत. जावई, सून, दत्तक मूल यांची जनुके वेगळी असतात. ताट, झोपेच्या वेळा आणि घरातले ताणतणाव मात्र एकच असतात. पुढे पट वाचताना हीच माणसे सर्वांत मोलाची माहिती देतात.

रक्ताची ओळ: कसे विचारावे

जुन्या पिढीला ‘मधुमेह होता का’ असे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण अनेकांची तपासणीच झालेली नव्हती. त्याऐवजी खुणा विचाराव्यात. रात्री लघवीला वारंवार उठावे लागत होते का, तहान फार लागत असे का, वजन एकाएकी उतरले होते का, पायाची जखम भरत नव्हती का, बोट किंवा पाय कापावा लागला होता का, उतारवयात नजर गेली का, डायलिसिसची वेळ आली होती का. जुनी माणसे ‘लघवीला मुंग्या लागायच्या’ असेही सांगतात. ती खूणही लिहून ठेवावी. ‘झोपेतच गेले’, ‘अचानक गेले’ अशा उत्तरांपुढे आपण मनाने निदान लिहू नये, फक्त प्रश्नचिन्ह द्यावे. अंदाजाने भरलेल्या चौकटीपेक्षा प्रश्नचिन्ह डॉक्टरांच्या अधिक कामी येते.

आजार कोणत्या वयात सुरू झाला, ही नोंद आजाराच्या नावाइतकीच महत्त्वाची असते. वर्षे आठवत नसतील तर मोठ्या घटनांचा आधार द्यावा: १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. ‘मिलो आणि सुकडी खाल्ली त्या वर्षी तू केवढी होतीस’ असे विचारल्यावर आत्या स्वतःचे वयच नव्हे, तर तेव्हा घरात कोण गरोदर होते हेही सांगते, असा अनेकांचा अनुभव असेल. बहुतेक घरांत अशी एक तरी आत्या किंवा मावशी असते जिला सगळ्यांचे सगळे ठाऊक असते. सुरुवात तिच्यापासून करावी.

दोन बाबी आढळल्यास पट पूर्ण होण्याची वाट न पाहता तो डॉक्टरांना दाखवावा. पहिली म्हणजे सलग पिढ्यांत, पंचविशीच्या आत आणि बारीक अंगाच्या माणसांना मधुमेह झालेला असणे. एकाच जनुकातील बदलामुळे होणारा मधुमेहाचा एक वेगळा प्रकार असतो आणि त्याचे उपचारही वेगळे असू शकतात. दुसरी म्हणजे लहान मुलाला किंवा तरुणाला फार तहान, फार लघवी आणि झपाट्याने वजन घटणे. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह असण्याची शक्यता असल्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रत्येक बाळंतपणाची नोंद घ्यावी: गर्भारपणात साखर वाढली होती का आणि बाळाचे वजन किती होते. गर्भारपणातली साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते आणि घरातले सगळे ती विसरून जातात. प्रत्यक्षात अशा स्त्रीला पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या मानाने किमान सातपट असते. माझ्या मते मराठी घरांतून सर्वाधिक हरवणारी आणि सर्वाधिक किमतीची नोंद हीच आहे.

परिस्थितीची ओळ

या ओळीत माणसाचे जगणे थोडक्यात लिहायचे असते: जन्म कुठे झाला, लहानपणी पोटभर खायला होते का, शिक्षण किती, काम कोणते, ते बसून करायचे की कष्टाचे, रात्रपाळी होती का, गाव कधी सोडले. कमी वजनाने जन्मलेले आणि पुढे शहरात झपाट्याने वजन वाढलेले माणूस विशेष जोखमीचे असते, म्हणून जन्मवजन आणि स्थलांतराचे वर्ष एकमेकांशेजारी लिहावे. शेतात राबणारा माणूस कारखान्यात मशीनपुढे उभा राहिला, तिथून वॉचमनच्या खुर्चीवर आला आणि आहार मात्र शेतातलाच राहिला, असा प्रवास अनेक घरांत सापडेल.

त्यानंतर घराकडे वळावे. स्वयंपाक कोण करते, वाणसामान कोण भरते आणि शेवटी कोण जेवते? ज्या घरात बाई सगळ्यांचे उरकून रात्री साडेदहाला उरलेला भात आणि आमटीचे पाणी खाते, तिथे तिच्या साखरेचे कारण तिच्या जिभेत शोधणे हा अन्याय आहे. वाण्याच्या यादीवरून महिन्याला तेल आणि साखर किती लागते ते काढून घरातल्या माणसांच्या संख्येने भागावे. तेल महिन्याला माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास असावे, असे आहारतज्ज्ञ साधारणपणे सांगतात. हा आकडा पटाच्या कोपऱ्यात लिहिला की चर्चा ‘कोण किती खातो’ यावरून ‘घरात काय येते’ याकडे वळते.

औषधोपचार कुठे आणि कशामुळे तुटतात, हेही इथेच लिहावे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपी काही महिने गावाबाहेर असतात. गावच्या उपकेंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या तिथे फडावर मिळत नाहीत. विरारहून किंवा कल्याणहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला चालायला वेळ काढायला सांगणे सोपे असते; त्याच्या दिवसात तो कुठून निघणार, हे त्याच्यासोबत बसूनच शोधावे लागते. गोळ्या चुकतात म्हणून रागावण्याआधी त्या कोणत्या वारी, कोणत्या महिन्यात चुकतात ते पाहिले, तर बहुतेक वेळा कारण आळसात सापडत नाही.

मनाची ओळ

ही ओळ सर्वांत शेवटी आणि प्रत्येकाशी एकट्याने बोलून भरावी. सुरुवात आजारापासून करू नये. ‘साखर निघाली त्याच्या आदल्या वर्ष-दोन वर्षांत घरात काय चालले होते’ असे विचारावे. कर्ज, नोकरी जाणे, जवळच्या माणसाचा मृत्यू, मुलीच्या लग्नाची काळजी, सासूच्या आजारपणात रात्रंदिवस केलेली सेवा अशी उत्तरे येतात. ‘त्या दुःखाने साखर झाली’ असा सरळ निष्कर्ष मात्र काढू नये, कारण साखर त्याआधीही वाढलेली असू शकते. झोप किती तास होते, घोरणे फार आहे का, तंबाखू, मिश्री किंवा दारू कधीपासून आहे, मन मोकळे करायला कोणी आहे का, हेही नोंदवावे.

नैराश्याची चाहूल घेण्यासाठी दोन प्रश्न जगभर वापरले जातात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? आणि उदास, हताश वाटत राहते का? यांपैकी एकाचे जरी उत्तर ‘बहुतेक दिवस’ असे आले, तर डॉक्टरांशी बोलावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते आणि नैराश्य असलेल्यांना मधुमेह होण्याचा धोकाही अधिक असतो. मन खचलेल्या माणसाला फिरायला जा, पथ्य पाळ, गोळ्या वेळेवर घे असे तीन आदेश देऊन काहीही साधत नाही. त्याच्या मनावरचा उपचार हाच त्याच्या साखरेवरच्या उपचाराचा पहिला भाग असतो.

भीतीची नोंदही घ्यावी. ‘इन्शुलिन सुरू झाले म्हणजे संपलेच’ ही समजूत बऱ्याचदा घरातल्या एखाद्या जुन्या मृत्यूतून आलेली असते: आजोबांना अगदी शेवटी इन्शुलिन दिले आणि ते आठवड्यात गेले, एवढेच नातवाने पाहिलेले असते. ते उशिरा सुरू झाले होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पटावर दोन्ही तारखा शेजारी लिहिल्या की हा गैरसमज बराच सैल होतो.

भरलेला पट कसा वाचावा

समजण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. आजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईला येऊन गिरणीत लागले, संपानंतर वॉचमन म्हणून रात्रपाळी करू लागले आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. आजीची तपासणी कधीच झाली नाही. शेवटची दोन वर्षे तिच्या पायाची जखम भरत नव्हती. त्यांचा ४८ वर्षांचा मुलगा वर्षातून एकदा तपासणी करतो, कारण ‘वडिलांना होता’. ४३ वर्षांच्या सुनेच्या माहेरी कोणालाही मधुमेह असल्याचे ठाऊक नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिची साखर वाढली होती. १९ वर्षांची मोठी नात २.३ किलो वजनाची जन्मली आणि आता परीक्षेच्या तयारीत दिवसभर बसून असते.

या घरातली सगळी काळजी मुलाभोवती फिरते आहे. पट मात्र आधी आजीकडे बोट दाखवतो. तिचे आणि आजोबांचे रक्ताचे नाते नव्हते, तरी तिच्यातही बहुधा तीच खूण दिसते. तेव्हा जनुकांशिवाय या घराच्या ताटात आणि दिनक्रमातही काही तरी असावे, असा संशय घ्यायला जागा आहे. शिवाय मुलाला धोका एका बाजूने नाही, कदाचित दोन्ही बाजूंनी आहे. दुसरे बोट सुनेकडे जाते. ‘तिच्या माहेरी नाही’ म्हणून तिला कोणी तपासायला नेले नाही, पण तातडीने तपासणी हवी ती तिचीच. तिसरे बोट नातीकडे: कमी जन्मवजन, दोन्ही बाजूंचा वारसा आणि बैठे दिवस. पुढच्या पिढीच्या आरोग्यासाठी काही करायचे तर ते तिच्या लग्नानंतर नव्हे, आत्ताच करायला हवे. तिचे हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासण्यापासून सुरुवात करता येईल.

आपला पट वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. कोणती नोंद पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा येते, रक्ताचे नाते नसलेल्यांतही ती दिसते का, आणि कोणाच्या चौकटी रिकाम्या राहिल्या आहेत. रिकाम्या चौकटी बहुधा बायकांच्या असतात.

पटावरून तपासणीकडे

चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याची साधी गुणपद्धती तयार केली. तिला रक्त काढावे लागत नाही. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण आणि ५० किंवा अधिक असल्यास ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांना असल्यास २०. कंबरेच्या घेरासाठी जास्तीत जास्त २० आणि हालचालीच्या अभावासाठी जास्तीत जास्त ३०. एकूण शंभरांपैकी ६० किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा. यातले वय आणि आईवडील आपल्या हाती नाहीत, ते मिळून ५० गुण होतात. कंबर आणि हालचाल यांचेही ५० होतात. ‘रक्तातच आहे’ असे म्हणणाऱ्यांना हा हिशेब आवर्जून दाखवावा. कंबर मोजताना टेप बरगड्यांची खालची कड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता धरावी. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून पुढे धोका मोजला जातो.

रक्ततपासणीत उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असणे ठीक, १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह, अर्थात मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था, आणि १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी तपासणी पुन्हा करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीत ५.७ टक्क्यांपासून पूर्वमधुमेह आणि ६.५ पासून मधुमेह धरतात. मात्र विदर्भात किंवा नंदुरबारकडे ज्या कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि ज्या स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यांच्यात एचबीए१सी फसवे येऊ शकते. पटावर ती नोंद असेल तर डॉक्टर दुसरी तपासणी निवडतील. तिशीपुढच्या सर्वांची मधुमेह व रक्तदाबाची मोफत तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते आणि आशाताई त्यासाठी घरोघरी माहिती भरून घेतात. ती माहिती भरताना हा पट समोर ठेवावा. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी आणि विशेषतः शाकाहारी असणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावे, कारण या गोळीने ते कमी होऊ शकते आणि पायांच्या मुंग्यांचे खापर विनाकारण साखरेवर फुटते.

काय बदलावे

जीवनशैलीतल्या बदलाने मधुमेह टळतो किंवा पुढे ढकलला जातो, याचा पुरावा भक्कम आहे. फिनलंडमध्ये २००१ साली आणि अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत धोका ५८ टक्क्यांनी घटला, भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील चाचणीत तो २८.५ टक्क्यांनी घटला. आपल्याकडचा आकडा लहान आहे, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. मात्र त्या चाचण्यांत लोकांना नुसता उपदेश केला नव्हता, महिनोन्‌महिने सोबत केली होती, हे विसरता कामा नये.

म्हणूनच बदल एका माणसाचा न ठरवता घराचा ठरवावा. वडिलांसाठी वेगळी भाकरी आणि इतरांसाठी भाताची रास, ही व्यवस्था फार दिवस टिकत नाही. वडील एकटे पडतात आणि मुलांचा धोका तसाच राहतो. सगळ्यांच्या ताटात आधी भाजी, उसळ किंवा डाळ आणि मग पोळी-भात, चहातली साखर घरभर कमी, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी शक्य तिथे भगर, दही आणि शेंगदाणे यांचा मर्यादित वापर, इतके बदल बहुतेक घरांना झेपतात. भगर म्हणजेही पिष्टमय धान्यच, त्यामुळे तीही वाटीभरच घ्यावी. शेवटी जेवणारी बाई सगळ्यांसोबत जेवायला बसेल, हा नियम मी या सगळ्यांच्या वर ठेवीन. जेवणानंतर घरातल्या दोघांनी मिळून पंधरा मिनिटे चालणे साखरेसाठीही चांगले आणि त्या चालण्यात जे बोलणे होते ते मनासाठीही. एका वेळी एकच बदल घ्यावा, तो पटाच्या मागे तारखेसह लिहावा आणि तीन महिन्यांनी कंबर पुन्हा मोजावी.

बाजारात लाळेच्या नमुन्यावरून धोका सांगणाऱ्या जनुक चाचण्या मिळतात. एकाच जनुकाच्या आजाराचा संशय असेल आणि डॉक्टरांनी सुचवले असेल, तर जनुक तपासणीचा उपयोग मोठा आहे. नेहमीच्या मधुमेहासाठी मात्र त्यावर हजारो रुपये घालण्याआधी टेप आणि उपाशीपोटीची रक्ततपासणी करावी. शेकडो जनुकांवरून काढलेले धोक्याचे बहुतेक गुणांक प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले असल्याने ते आपल्याला तितके नेमके लागू पडत नाहीत.

हा कागद खाजगी आहे. कोणाच्या मनाची ओळ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. हवे तर दोन प्रती कराव्यात, एक सर्व ओळींची आणि एक फक्त आजार व वयांची. मुलीला मधुमेह असेल तर ‘लग्न ठरेपर्यंत बोलू नका’ असा दबाव अनेक घरांत येतो. कोणाला आणि कधी सांगायचे हे तिने ठरवावे, पण त्या लपवाछपवीत तिचे औषध एक दिवसही चुकू नये, याची जबाबदारी घरातल्या मोठ्यांची आहे. पट वर्षातून एकदा, आणि घरात नवे निदान, बाळंतपण किंवा मृत्यू झाला की त्याच आठवड्यात, पुढे लिहावा. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला आणि घरात येणाऱ्या सुनेला दुसरी प्रत हाती द्यावी. गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत घरात कोणाला काय आजार आहे हे विचारले जाते, तेव्हा तिच्याकडे दोन्ही घरांचे उत्तर असले पाहिजे.